सबनीसबाईंकडे टाकलेली जॅकेटं

मेडनहेडमधल्या प्रमोदिनी सबनीसला दोन प्रकारचे लोक ओळखत. एक म्हणजे डॉक्टर विष्णू सबनीसांचे पेशंट. त्यांच्या लेखी ती डॉक्टरांची बायको, साडीवर कोट घालणारी, त्यांच्या दवाखान्याच्या, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत सर्जरीच्या, नाताळच्या पार्टीत भजी आणणारी. दुसरे म्हणजे डोंगरात भिजून आलेले लोक. ते गॅरेजच्या दारावर टकटक करत, प्लास्टिकच्या पिशवीतून एक जॅकेट पुढे करत आणि तिला 'पॅम' म्हणत. प्रमोदिनी म्हणायला अवघड, हे तिने पहिल्याच वर्षी मान्य केलं होतं. 'प्रॅम' म्हणजे बाबागाडी म्हणू लागले होते, त्यापेक्षा 'पॅम' बरं.

ती मूळची कोल्हापूरकडची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. १९७३च्या नोव्हेंबरात नवऱ्याच्या मागोमाग इंग्लंडला आली, तेव्हा डिग्रीचं सर्टिफिकेट सुटकेसच्या तळाशी आणि तिळाचे लाडू वर असं सामान होतं. लाडू पंधरा दिवसांत संपले. सर्टिफिकेट पुढे कुणीच मागितलं नाही. मीनलचा जन्म, डॉक्टरांच्या बदल्या, मग मेडनहेडची सर्जरी, तिथे तीन वर्षं फोन घेण्याचं काम आणि नंतर लायब्ररीत अर्धा वेळ. एवढ्यात आयुष्याचा मोठा भाग निघून गेला.

जॅकेटांचं प्रकरण एका चुकीपासून सुरू झालं. सर्जरीतल्या मंडळींचा डोंगर चढणाऱ्यांचा एक ग्रुप होता. वर्षातून तीनचार वेळा ते वेल्सला नाहीतर लेक डिस्ट्रिक्टला जात. डॉक्टर १९८५ पासून त्यांच्यात होते. त्यांनी हौसेने पावसाचं भारी जॅकेट घेतलं. पहिल्या खेपेनंतर प्रमोदिनीने ते घरातल्या इतर कपड्यांसारखंच नेहमीच्या पावडरीत धुतलं आणि मऊ राहावं म्हणून वर सॉफ्टनरही घातलं. पुढच्या खेपेहून डॉक्टर आले ते आतपर्यंत ओले होऊन.

"वाट लावलीस तू त्याची," ते म्हणाले. "सगळ्यांची कोरडी राहिली. माझंच तेवढं पायपुसणं झालं होतं."

पायपुसणं हा शब्द तिला लागला. तिच्या गावाकडे धनगर घोंगडी साबणाने धुवू देत नसत. लोकरीचं तेल गेलं की घोंगडी पाऊस पिते, असं एक म्हातारा धनगर तिच्या वडिलांना सांगायचा. हे आपल्याला ठाऊक असून आपण विसरलो, याचा तिला राग आला. लायब्ररीतून तिने कापडाच्या रसायनांवरची पुस्तकं आणली. जॅकेट फाटलेलं नव्हतं, गळतही नव्हतं. वरच्या कापडावरून पाणी घसरून जावं म्हणून एक पातळ लेप असतो, त्यावर पावडर आणि सॉफ्टनरचा थर बसला होता. पाणी घसरायचं सोडून कापडात मुरत होतं. कापड जड आणि गार पडलं, आतला घाम बाहेर जाईना, आणि डॉक्टरांना वाटलं जॅकेट गळतंय.

तिने ते साध्या साबणाच्या पाण्यात दोनदा धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळलं, मग दुकानातून आणलेल्या प्रूफिंगच्या, म्हणजे नवा लेप चढवणाऱ्या द्रावात फिरवलं आणि ड्रायरच्या मंद उष्णतेत वाळवलं. ती उष्णता महत्त्वाची. तिच्याशिवाय लेप जागेवर बसत नाही. शेवटी खांद्यावर चमचाभर पाणी ओतलं. पाण्याचे गोल थेंब झाले, अळूच्या पानावर होतात तसे, आणि टपटप खाली उतरले. कापड तसंच कोरडं.

डॉक्टरांनी ते जॅकेट घातलं, कोरडे परत आले आणि ग्रुपमध्ये सांगितलं. सर्जरीची मॅनेजर मार्गारेट, जी या सहलींची सूत्रंही हलवायची, तिने पुढच्याच आठवड्यात आपलं जॅकेट आणून टाकलं. मग ग्रुपमधल्या कीथने, मग आणखी कुणी. गॅरेजमध्ये फक्त याच कामासाठी दुसरं मशीन आलं. प्रत्येक जॅकेटला प्रमोदिनी चिठ्ठी लावायची: नाव, तारीख, कापड कुठे थकलंय. बहुतेकांची खांद्यावर थकलेली असत, पाठपिशवीचा पट्टा घासतो तिथे. मार्गारेटचं उजव्या खांद्यावर जास्त, कारण ती पिशवी एकाच खांद्याला लटकवायची. कीथचं मनगटाशी. कोण कसं चालतं, कुठे बसतं, कशाला टेकतं हे सारं प्रमोदिनीला जॅकेटांवरून कळायचं. एकदाही त्यांच्याबरोबर न जाता.

वीस वर्षं तिला कुणी 'चल' म्हटलं नाही. पहिल्यांदा मीनल लहान होती. मग मीनलच्या परीक्षा होत्या. मग मीनल इल्फर्डला नोकरीला गेली, तिथेच राहिली, आणि तरी कुणी म्हटलं नाही. प्रमोदिनीनेही विचारलं नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. डॉक्टर रविवारी जेवताना नकाशा उलगडून बसत आणि म्हणत, "आम्ही या वेळी पूर्वेकडून चढणार आहोत." ती ताटात भात वाढत असे.

२००५च्या मार्चअखेर डॉक्टर निवृत्त होणार होते. फेब्रुवारीच्या तेरा तारखेला, रविवारी सकाळी, मार्गारेटचा फोन आला. डॉक्टर बाहेर गाडी धूत होते.

"पॅम, डियर," मार्गारेट म्हणाली, "मे महिन्याच्या शेवटी वी आर ऑल गोइंग अप टु द लेक्स. विष्णूच्या मानाची शेवटची मोठी ट्रिप. कॉटेजसुद्धा ठरलं. विष्णूला सांगशील ना? आणि जॅकेटं तुझ्याकडे टाकते त्याआधी."

प्रमोदिनीने फोन ठेवला आणि बराच वेळ हॉलमध्ये उभी राहिली. वी आर ऑल गोइंग. आपण सगळे जाणार आहोत. तिने मनातल्या मनात ते मराठीत करून पाहिलं, आणि ते 'आपण' असंच झालं. एकतीस वर्षं इंग्लंडात राहिलेली बाई, फोनवर इंग्रजांच्या तक्रारी ऐकून घेतलेली बाई, पण त्या एका शब्दापाशी तिचे कान कोल्हापूरचेच राहिले होते. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. इंग्रजीला तेवढी पंचाईत नाही. तिकडे एकच 'वी', ज्याचं त्याने ओळखायचं.

डॉक्टर आत आले तेव्हा तिने सांगितलं, "मार्गारेटचा फोन होता. मेअखेर लेक डिस्ट्रिक्टला जायचंय. कॉटेज ठरलंय."

"हो, म्हणत होती ती," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

एवढंच बोलणं झालं. जायचंय. त्या शब्दात कोण कोण हे कुठे येतं?

त्या संध्याकाळी तिने मीनलला फोन लावला.

"मी डोंगरावर जाणारे," ती म्हणाली.

"कुठला डोंगर?"

"लेक डिस्ट्रिक्ट. बाबांच्या ग्रुपबरोबर."

"माझा आई डोंगरावर," मीनल आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली आणि हसली. "बूट आहे तुझ्याकडे? प्रॉपर बूट? ती बाटाची नाही हं चालणार."

"घेईन ना."

"आई, पण तुला कुणी विचारला? आय मीन, काय म्हणाली ती, एग्झॅक्टली?"

"म्हणाली, वी आर ऑल गोइंग."

"ओके," मीनल म्हणाली. "बाबाला पण एकदा विचारून घे, कन्फर्म करायला."

"त्यांना काय विचारायचं? त्यांच्यासाठीच तर आहे."

दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनी चालायला लागली. सकाळी नवाच्या सुमारास ती थेम्सच्या काठाने कुकहॅमच्या दिशेने निघे. आधी एक मैल, मग दोन, एप्रिलपर्यंत पाच. नवे बूट टाचेला चावले, तिथे तिने चिकटपट्टी लावली. घरात जिना उगाच दहा वेळा चढायची.

"छान," डॉक्टर वर्तमानपत्रातून म्हणाले. "शुगर खाली येईल."

"बूट बघा माझे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मजबूत आहेत. बागेत चिखलात बरे पडतील."

ते थट्टा करताहेत असं तिला वाटलं. ती हसलीसुद्धा.

जॅकेट मात्र तिने विकत घेतलं नाही. गॅरेजमधल्या कपाटात एक जांभळं जॅकेट सात वर्षं पडून होतं. ग्रुपमधली एक बुटकी बाई न्यूझीलंडला गेली, जाताना म्हणाली, टाकून दे. प्रमोदिनीने टाकलं नव्हतं. आता काढून पाहिलं तर त्याची अवस्था वाईट होती. गळ्याशी मळाचा काळा पट्टा, खांदे पूर्ण थकलेले, आतल्या शिवणींवरची पट्टी दोन ठिकाणी उचललेली. दुसऱ्या कुणाचं असतं तर 'याचं काही होणार नाही' अशी चिठ्ठी लावून तिने परत दिलं असतं.

त्या जॅकेटावर तिने तीन आठवडे घातले. गळा दातांच्या जुन्या ब्रशने साबण लावून हलक्या हाताने घासला. चेन ओढून, खिसे रिकामे करून, सगळे वेल्क्रोचे बंद लावून चार वेळा धुतलं. सुटलेली पट्टी नव्या गोंदाने बसवली आणि वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्रीने दाबली. प्रूफिंग एकदा केलं, चमचाभर पाणी ओतलं, डाव्या खांद्यावर पाणी पसरलं. पुन्हा धुतलं. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी पाणी उभं राहिलं आणि उतरलं. मग तिने ते अंगात घातलं, आणि गॅरेजच्या खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. बाह्या बोटभर लांब होत्या. बाकी अगदी मापाचं.

मेच्या मध्यावर मार्गारेटने बाकी सगळ्यांची मिळून नऊ जॅकेटं आणून टाकली; डॉक्टरांचं आधीच होऊन घरात टांगलेलं होतं. प्रमोदिनीने एकेक करून ती केली आणि गॅरेजमधल्या दांडीवर ओळीने टांगली. दहावं तिचं. त्याला तिने चिठ्ठी लावली नाही. स्वतःच्या कपड्याला कोण चिठ्ठी लावतं?

निघायचं होतं शनिवारी, अठ्ठावीस मेला. बुधवारी दुपारी ती स्लाऊला गेली. दाण्याच्या लाडवांसाठी शेंगदाणे आणि गूळ आणायचा होता. डोंगरावर खायला लाडू बरे, असं तिच्या मनाने घेतलं होतं, अकरा जणांना दोन दोन. परत आली तर गॅरेजचं दार सताड उघडं. दांडी रिकामी.

डॉक्टर स्वयंपाकघरात चहा करत होते. "मार्गारेट येऊन गेली," ते म्हणाले. "घेऊन गेली सगळी. तुला थँक यू म्हणून सांगितलंय, चॉकलेटं ठेवलीयेत बघ."

"दहाही नेली?"

"हो. नऊ त्यांची होती ना, आणि ते जांभळं. जिलही आली होती बरोबर. तिच्याकडे धड काही नव्हतंच, अगदी फाटकं होतं. ते जांभळं तिला फार छान बसलं. मी म्हटलं ने, पडूनच आहे."

जिल म्हणजे कीथची दुसरी बायको. प्रमोदिनीने शेंगदाण्याची पिशवी टेबलावर ठेवली.

"ते माझं होतं."

"तुझं? म्हणजे?"

"मी घालणार होते."

"कुठे?"

"लेकला."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "अगं, पण तुला कुणी," एवढं बोलून ते थांबले. वाईट बातमी अर्ध्यावर थांबवायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती.

"मार्गारेटने सांगितलं फोनवर," ती म्हणाली. "वी आर ऑल गोइंग."

"ते मला सांगायला. निरोप होता तो. आम्ही जाणार आहोत असा."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. साडेतीन महिने ती त्या शब्दावर चालली होती. पाच पाच मैल.

"आणि जिल?" तिने विचारलं. "जिल कशी जाते?"

"कीथबरोबर. ती पहिल्यापासून येते."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

डॉक्टरांनी कपाकडे पाहिलं. "ऑगस्टपासून."

"लग्न झालं त्याच महिन्यापासून."

"हे बघ, मला काय माहीत तुला यायचं होतं? तू कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

दोन्ही खरं होतं, पण दोन्ही सारखं खरं नव्हतं. डॉक्टरांनाही ते कळलं असावं, कारण ते उठून हॉलमध्ये गेले आणि त्यांनी मार्गारेटला फोन लावला. प्रमोदिनीला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पॅमलाही यायचंय, आमचा थोडा घोटाळा झाला. मग हो, हो. कॉटेज भरलंय, अर्थातच. राहायला जवळ एखादं बी अँड बी असेल कुठेतरी. हो, तेही आहे.

रिसीव्हरवर हात ठेवून ते दाराशी आले. "विचारतेय, तुला झेपेल का. चढ बराच आहे म्हणते."

मार्गारेटचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून ती उतारावर दर वेळी डाव्या हाताने दगडाला धरते. डाव्या बाहीवरचं कापड तिथे पातळ झालं होतं. प्रमोदिनीनेच दरवर्षी ते जपलं होतं. तिला हे सांगता आलं असतं.

"नको म्हणून सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांचे खांदे खाली आले. फार नाही, इंचभर. वर्षानुवर्षं लोकांचे खांदे पाहणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने यायला त्यांना नको होतं म्हणून नव्हे, अडचण टळली म्हणून. हे जास्त वाईट होतं. राग असता तर निदान तिच्याविषयी काहीतरी असतं.

लाडू तिने केले नाहीत. शनिवारी सकाळी दोन गाड्या आल्या. कीथच्या गाडीत मागे जिल बसली होती, जांभळ्या जॅकेटात, आणि तिने खिडकीतून हात हलवला. प्रमोदिनीनेही हलवला. दार लावून ती आत आली, आणि मीनलचा फोन वाजत होता तो तिने घेतला नाही.

तिकडे चारही दिवस पाऊस होता. डॉक्टर परत आले ते उत्साहात. कुणीच भिजलं नाही, म्हणाले. सगळ्यांनी तुझी आठवण काढली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिल स्वतः जॅकेट परत द्यायला आली. बाई मनाने चांगली होती. रंगीत कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून आणलं होतं.

"तुमचं होतं हे मला माहीतच नव्हतं, पॅम. मला इतकं लाजल्यासारखं झालं. म्हणून मी छान धुऊन आणलंय."

कागद उघडताच लॅव्हेंडरचा वास आला. जॅकेट मऊ, गुळगुळीत झालं होतं, उशीच्या अभ्र्यासारखं. प्रमोदिनीने तिचे आभार मानले, चहा दिला, सहलीचे फोटो पाहिले. जिल गेल्यावर जॅकेट सिंकमध्ये पसरून खांद्यावर चमचाभर पाणी ओतलं. पाणी क्षणभरही थांबलं नाही. कापडात काळा डाग पसरत गेला, बशीएवढा.

हे दुरुस्त होण्यासारखं होतं. दोनदा साधा साबण, भरपूर पाणी, पुन्हा प्रूफिंग, मंद उष्णता. एका दिवसाचं काम. हे तिच्याइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने जॅकेट पिळलं, वाळवलं, घडी केली आणि हायस्ट्रीटवरच्या, जुने कपडे दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपच्या पिशवीत घातलं. बूटही घातले. टाचेच्या जागी आतून तिच्या पायाचा खळगा पडला होता.

ऑक्टोबरात मार्गारेटचा फोन आला. "शनिवारी जॅकेटं टाकते हं, पॅम. नोव्हेंबरात स्नोडनचा बेत आहे."

"ती गावातल्या दुकानात द्या," प्रमोदिनी म्हणाली. "ते करतात. मी बंद केलंय."

"अरे, बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे."

मार्गारेट आणखी काहीतरी ऐकायला थांबली. मग ती म्हणाली, "बरं, बरं, काहीच हरकत नाही," आणि फोन ठेवला.

डॉक्टरांना ते आवडलं नाही. "वीस वर्षं करत होतीस," ते म्हणाले. "एकदम असं तोडायचं? काय वाटेल त्यांना?"

"काय वाटायचं ते वाटू दे."

"एका शब्दावरून."

ती हिशेबाने उत्तर देऊ शकली असती. तारखा तिला सगळ्या पाठ होत्या. पण तिने डोळ्यांसमोरचं शब्दकोडं खाली ठेवलं नाही.

नोव्हेंबरात वेल्सला, स्नोडनला निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, डॉक्टर आपलं जॅकेट घेऊन गॅरेजमध्ये गेले. बाटल्या हलवण्याचा, कपाट उघडण्याचा आवाज आला. मशीनचं दार दोनदा उघडलं आणि लागलं. मग त्यांचा आवाज आला, जरा चढा, पेशंटला आत बोलावताना लावत तसा.

"अगं, आधी धुवायचं की आधी हे लावायचं?"

प्रमोदिनीने आडवे सात भरले.

"बाटलीवर लिहिलंय," ती म्हणाली.

ते वाचत असावेत. चष्मा बैठकीत टीपॉयवर होता, तिच्यासमोर. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. घरात दरवळ आला तो नेहमीच्या पावडरीचा, लिंबाचा. तिने तो ओळखला, आणि उभे तीनकडे वळली.